नवतपा, कूलर आणि आईचा मसाल्याचा डबा

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. नवतपा सुरू, नागपूरचा पारा ४५ च्या आसपास, आणि माझा सॉफ्टवेअरच्या नोकरीचा व्हिडिओ इंटरव्ह्यू नेमका दुपारी २ वाजता. समोरचे सर म्हणाले मागे कसला तरी खूप आवाज येतोय, आता कूलर आहे तर आवाज येणारच ना, पण म्हटलं पहिलाच इंटरव्ह्यू आहे, उठलो आणि कूलर बंद केला. तिथूनच माझी वाट लागायला सुरुवात झाली.

पहिला प्रश्न तोच जो सगळीकडे येतो, डेटाबेसच्या एम्प्लॉयी टेबलमधून, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या तक्त्यातून, क्वेरी लिहून दुसऱ्या नंबरचा पगार काढून दाखव. मनात म्हटलं घ्या, हा तर तोंडपाठ आहे. पगार उतरत्या क्रमाने लावला, लिमिट वन ऑफसेट वन, म्हणजे पहिली ओळ सोडून पुढची एकच, टाइप करून मोकळा. सर म्हणाले ठीक आहे, आता वरच्या दोघांचा पगार सारखाच असला तर? आणि मी गप्प. सारखा असला तर दुसऱ्या ओळीतही पहिल्याच नंबरचा पगार येतो ना, सारखे आकडे एकदाच धरणारा एक डिस्टिंक्ट टाकला असता तर काम झालं असतं, नाहीतर सारख्या पगाराला एकच नंबर देणारं डेन्स रँक होतंच. पण ती क्वेरी मी कुठल्यातरी पीडीएफमधून उचललेली, दोन सारखे पगार टाकून एकदाही चालवून पाहिली नव्हती. मग घाम कीबोर्डवर टपकतोय, बायनरी सर्च, म्हणजे यादी दर वेळी अर्धी करत शोधणं, विचारला तर तो पण अर्धाच सांगितला, १० लाख सॉर्टेड आकड्यांत जास्तीत जास्त २० वेळा बघावं लागतं एवढं सांगून खुश झालो. मधली जागा काढताना लो आणि हायची, म्हणजे सुरुवातीच्या आणि शेवटच्या जागेच्या नंबरांची, बेरीज २१४७४८३६४७ च्या वर गेली तर इंटिजर ओव्हरफ्लो होतो, म्हणजे आकडा मावत नाही, हे त्यांनीच सांगितलं. घरी, म्हणजे त्याच खुर्चीत बसून, नंतर शोधलं तर कळलं की हा बग खुद्द जावाच्या लायब्ररीत बरीच वर्षं होता आणि २००६ मध्ये तो कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉकनेच त्यावर लिहिलं होतं. जरा बरं वाटलं, म्हणजे आपणच एकटे नाही.

रिजेक्शनचा मेल दोन दिवसांनी आला. मित्राला तर्री पोहे खाता खाता सांगितलं तर तो म्हणे, "काहून टेन्शन घेऊन राहिला बे, तू पाठ करतो आणि ते खोदून विचारतात, कोणाला तरी समजावून सांगून पाय." आता कोणाला सांगू? तो स्वतः नोकरीत अडकलेला, अभ्यासिकेत बोललो तर बाजूचे एमपीएससीवाले डोळे वटारतात. उरली आई.

पहिल्या दिवशी मी म्हटलं आई, कॅश म्हणजे काय सांगतो. ती म्हणे, "पैसे पाहिजेत का?" नाही गं बाप्पा. मग मी ओट्यावरचा मसाल्याचा डबा पुढे ओढला. म्हटलं हे बघ, तिखट तू बरणीतून रोज काढतेस का, नाही ना, बरणी वर माळ्यावर, स्टूल घ्यावं लागतं, म्हणून थोडं थोडं डब्यात. तर बरणी म्हणजे डेटाबेस, डबा म्हणजे कॅश. डब्यात सापडलं तर हिट, नाही सापडलं तर स्टुलावर चढा, तो मिस. आई भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "आणि बरणीत भिवापुरी तिखट नवीन भरलं, डब्यात जुनंच राहिलं, मंग?"

मी बघतच राहिलो. हाच तर प्रश्न आहे ना, स्टेल डेटा, म्हणजे शिळा झालेला डेटा. मी म्हटलं तूच सांग तू काय करतेस. "नवीन तिखट आलं की पहिले डबा रिकामा करते. आणि नाही आलं तरी पंधरा दिवसांनी घासतेच." म्हणजे जुनं काढून टाकायचं इनव्हॅलिडेशन पण आलं आणि ठराविक वेळाने आपोआप संपवणारं टीटीएल पण आलं, आणि मी ते दोन शब्द महिनाभर घोकत होतो.

तेव्हापासून रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास आईला एक विषय. इंडेक्स, म्हणजे पटकन शोधता यावं म्हणून क्रमाने लावलेली यादी, सांगायला लग्नातली आहेराची वही घेतली, त्यात ती अडकली नाही, मीच अडकलो, कारण तिने विचारलं की मधेच नवीन पाहुणा आला तर आडनावाच्या यादीत त्याला कुठे घुसवणार. डीएनएस, टीसीपी हँडशेक वगैरे नेटवर्कचं आईला अजिबात आवडलं नाही, झोपली. एचआरच्या प्रश्नांवर मी फार वेळ घालवला नाही, फक्त माझ्या कॉलेज प्रोजेक्टमध्ये सगळ्यात घाणेरडा बग कोणता होता आणि तो कसा सापडला एवढं नीट आठवून ठेवलं, कारण तेवढंच खरं माझं होतं, ते कोणत्याही पीडीएफमध्ये नाही.

परवा दुसरा इंटरव्ह्यू झाला, मिहान या नागपूरच्या औद्योगिक भागात, एसी होता नशिबाने. तिसराच प्रश्न, प्रॉडक्टची किंमत डेटाबेसमध्ये बदलली आणि ॲप कॅशमधली जुनीच दाखवतंय, काय कराल? मला आधी डबाच दिसला. म्हटलं किंमत लिहिली की त्या प्रॉडक्टची कॅशमधली नोंद डिलीट करायची, आणि एखादी चुकून राहिली तर एक्स्पायरी लावलेली असू द्या. पुढे त्यांनी दोन रिक्वेस्ट एकाच वेळी आल्या तर काय असं विचारलं, तिथे मी थोडा अडखळलो, पण यावेळी गप्प नाही बसलो, बोर्डवर बाण काढत काढत बोलत राहिलो. शेवटी पुण्याला जाणार का तेही विचारलंच, ते तर विचारतातच.

फोन अजून आला नाही. आई म्हणते येईल, आणि तोवर घरीच आहेस तर डबा तूच घास.