सगळ्यात चांगला रिपोर्ट दोन नंबरचा

आमच्याकडे तीन डिझेल जनरेटर शेजारी शेजारी चालतात. एकाच मेकची, एकाच वेळी बसवलेली इंजिनं. लोडही जवळपास सारखा. इंजिन ऑइल १५डब्ल्यू-४० ग्रेडचं, संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीत, ५० लिटर बसतं आणि दर २५० तासांनी बदली. हा २५०चा आकडा इंजिन बनवणाऱ्याने डिझेल वाईट मिळेल, धूळ असेल, लोड वरखाली होईल असं सगळं धरून दिलेला असतो. आमच्याकडे डिझेल कमी गंधकाचं, लोड स्थिर आणि वॉरंटीही संपलेली. मग तेल खरंच एवढ्या लवकर संपतं का, हे तपासायचं ठरलं आणि तिन्ही इंजिनांचे नमुने लॅबला गेले.

नमुने मी स्वतः उभं राहून घेतले. इंजिन चांगलं तापलेलं असताना, बंद केल्या केल्या, डिपस्टिकच्या नळीतून हातपंपाने, संपच्या साधारण मधल्या पातळीवरून. ड्रेन प्लग उघडून पहिल्याच धारेखाली बाटली धरली की लॅबला तळाचा गाळ जातो, आणि मग त्या आकड्यांवर वाद घालत बसण्यात अर्थ नसतो.

रिपोर्ट आले. तिन्हींवर 'नॉर्मल'चा हिरवा शेरा. त्यातही दोन नंबरचा सगळ्यात देखणा. टीबीएन, म्हणजे जळणातून येणारी आम्लं मारण्यासाठी तेलात घातलेल्या क्षाराची शिल्लक, नव्या तेलात १०.५ होती. एक नंबरमध्ये ती ७ वर आलेली, तीनमध्येही तेवढीच, पण दोनमध्ये जवळजवळ ८. शंभर अंशांची व्हिस्कॉसिटी, म्हणजे तेलाचा दाटपणा, नव्या तेलात १४.४ सेंटिस्टोक, दोन नंबरमध्ये १४.२. चाळीसच्या ग्रेडला १२.५ ते १६.३ चालतं, म्हणजे तिथेही काही बोलायला जागा नाही. काजळी सगळ्यात कमी. इंजिन झिजून तेलात उतरलेलं लोखंड एक नंबरमध्ये २८ पीपीएम (दहा लाखांत २८ भाग), दोनमध्ये ३२. आमचे मेंटेनन्स प्रमुख खूश झाले. म्हणाले, "दोन नंबरचं तेल बघा, नव्यासारखं आहे. सरळ ५०० तास करून टाकू."

मला तेच खटकलं. सारख्या तीन इंजिनांत एकाचंच तेल तरुण का राहावं? लॅबच्या फॉर्मवर 'मध्ये किती तेल घातलं' असा एक रकाना असतो. आमच्या तिन्ही फॉर्मवर तो कोरा होता. मी शिफ्टचं लॉगबुक मागवलं आणि ऑपरेटरला विचारलं. तो सहज बोलून गेला, "साहेब, दोन नंबर जरा जास्तच पितं. पण चालतं मस्त."

लॉगबुकातल्या नोंदींची बेरीज केली. एक आणि तीन नंबरला २५० तासांत नावापुरतं तेल घातलेलं. दोन नंबरला ३० लिटर! म्हणजे ५० लिटरच्या संपच्या निम्म्याहून जास्त ताजं तेल ओतलेलं, थोडं थोडं करून. ज्याला रोज रक्त चढवतोय त्याचं हिमोग्लोबिन बघून तब्येत ठणठणीत आहे म्हणावं, असला हा रिपोर्ट. ताज्या तेलाबरोबर ताजा क्षार येतो, टीबीएन टिकतो, काजळी विरळ होते. आणि जे तेल जळून जातं ते झिजेचा धातूही सोबत नेतं. टॉप-अपचा, म्हणजे या मध्ये घातलेल्या तेलाचा, हिशेब धरून आकडेमोड केली, तर लोखंड ३२ नव्हे, ४०च्या वर निघत होतं.

मग उरलेल्या ओळी पुन्हा वाचल्या. सिलिकॉन एक नंबरमध्ये ८, तीनमध्ये ९, दोनमध्ये १९. लॅबच्या सरसकट मर्यादेत १९ बसतं, म्हणून शेरा हिरवा. आमच्यातल्या एकाचं म्हणणं पडलं, की मागे टॅपेट कव्हरला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाला, सीलंट लावलं होतं, त्याचंच सिलिकॉन असणार. शंका रास्त होती. सीलंटमधून सिलिकॉन तेलात उतरतं आणि महिनोन्‌महिने दिसत राहतं. पण ते एकटंच वाढतं. इथे ॲल्युमिनियमही ३ वरून ७ झालेलं आणि क्रोमियम, जे पिस्टनच्या रिंगांवरून येतं, तेही इतर दोघांपेक्षा वर. मातीत सिलिका आणि ॲल्युमिना दोन्ही असतात. सिलिकॉन, ॲल्युमिनियम, क्रोमियम आणि लोखंड एकदम चढले, की इंजिन धूळ खातंय असाच अर्थ निघतो.

एअर फिल्टरचा इंडिकेटर मात्र हिरवाच होता. काही जणांना ते पटेना. पण तो इंडिकेटर फिल्टर किती चोंदलाय एवढंच सांगतो. हवा फिल्टरला वळसा घालून आत जात असेल तर तो आणखीच हिरवा राहणार. इंजिन बंद करून फिल्टर आणि टर्बो (हवा दाबून इंजिनात ढकलणारा भाग) यांच्यामधला रबरी होज सोडला. क्लॅम्पखालीच, वरून दिसणार नाही अशा जागी, रबराला चीर गेलेली. होजच्या आत पांढरं फडकं फिरवलं, तर करडी धूळ निघाली. टर्बोच्या कंप्रेसर व्हीलच्या पात्यांच्या कडा बोटाला खरखरीत लागत होत्या.

होज आणि क्लॅम्प बदलले, तेल आणि फिल्टरही बदलला. पुढच्या नमुन्यात सिलिकॉन खाली आलं. तेलाची भूक मात्र तशीच राहिली, कारण लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) आणि रिंगा झिजल्या त्या झिजल्याच. ब्लो-बाय, म्हणजे रिंगांजवळून निसटून खाली येणारा वायू, मोजला तर एक नंबरपेक्षा स्पष्ट जास्त. दोन नंबरला २५० तासांवरच ठेवलं आणि ओव्हरहॉलच्या यादीत घातलं.

५०० करायची घाई बारगळली. एक आणि तीन नंबरचा काळ पन्नास-पन्नास तासांनी वाढवला, प्रत्येक टप्प्याला नमुना घेतला आणि फॉर्मवरचा टॉप-अपचा रकाना भरल्याशिवाय बाटली लॅबला जाणार नाही असं ठरवलं. मोठे लोहकण लॅबच्या धातू मोजणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरला नीट दिसत नाहीत, म्हणून लोहकण चुंबकीय पद्धतीने मोजणारा पीक्यू इंडेक्सही मागवायला लागलो. लोखंड तासांच्या प्रमाणातच वाढत राहिलं, मध्ये कुठे उसळलं नाही. ४०० तासांना टीबीएन ५.४ वर आला, म्हणजे नव्या तेलाच्या जवळपास निम्म्यावर, आणि आम्लांकही, म्हणजे तेलात साठलेल्या आम्लाचं माप, वर सरकायला लागला होता. तिथेच थांबलो. प्रमुखांना अजून ५० तास हवे होते. मी लॉगबुक पुढे सरकवलं आणि म्हटलं, आधी दोन नंबरच्या रिंगांची ऑर्डर सही करा, मग बोलू.