ऊतानम्यूराच्या वाटेवर

स्टॉकहोमहून मूराला जाणारी गाडी चारेक तास घेते. पहिले तीन तास मी डुलक्या काढल्या. मग लेकसांद आलं आणि खाडकन जाग आली. पुढे रेत्विक. ही स्टेशनं मी आधी कधी पाहिली नव्हती, पण नावं पाठ होती, कारण माझ्याकडच्या एका तबकडीवर ती सुरावटींची नावं म्हणून छापलेली आहेत.

तबकडी म्हणजे 'जॅझ पो स्वेन्स्का', स्वीडिशमधला जॅझ. साल 1964. पियानोवर यान योहान्सन, बासवर येऑरी रीडेल, बाकी कोणी नाही. ड्रमसुद्धा नाहीत. स्वीडनच्या खेड्यापाड्यांतल्या जुन्या चाली या दोघांनी घेतल्या आणि जॅझच्या अंगाने वाजवल्या. देशाची लोकसंख्या तेव्हा ऐंशी लाखही नव्हती, आणि ही तबकडी आजवर अडीच लाखांवर खपली आहे. योहान्सन 1931चा. योतेबोर्यला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला होता, ते अर्धवट सोडून पियानोकडे वळला. (आमच्या घरी असं कोणी केलं असतं तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनात दर वेळी येतोच.) कोपनहेगनला स्टॅन गेट्झसारख्या अमेरिकन वादकाबरोबर वाजवून आला, आणि मग आपल्याच गावांच्या चालींपाशी थांबला.

त्यातली पहिली चाल 'वीसा फ्रोन ऊतानम्यूरा'. वीसा म्हणजे गाणं. आम्हा बाहेरून आलेल्यांना तो शब्द दुसऱ्याच कारणाने घाम फोडतो. ऊतानम्यूराचा अर्थ मी माझ्या तुटपुंज्या स्वीडिशमध्ये 'मुंगीशिवाय' असा लावला होता. ऑफिसातले लोक पोट धरून हसले. म्यूरा म्हणजे मुंगी खरीच, पण इथे ती दलदल. दलदलीपल्याडचं गाव. सिल्यान सरोवरातल्या सोलेरोन बेटावर ते आहे, आणि मूराहून बेटावर बस जाते.

जाते, पण रविवारी मला हवी तेव्हा नाही. वेळापत्रकावर 'वारदागार' लिहिलं होतं. त्यातला 'वार' बघून मला वाटलं, रोजच्या रोज. निघालं कामाच्या दिवसांचं. पुढच्या बसला तीन तास होते. मी पाण्याच्या कडेने चालत सुटले, आणि अर्ध्या तासाने एका बाईंनी गाडी थांबवली. सत्तरीच्या असाव्यात, मागच्या सीटवर बटाट्याची पोती.

"कुठे जायचंय तुला?"

"ऊतानम्यूरा."

"तिथे कोण आहे तुझं?"

कोणीच नाही, एका गाण्यासाठी आलेय, म्हटल्यावर त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि गुणगुणायला सुरुवात केली. तीच चाल. पण योहान्सनपेक्षा किती तरी भरभर, जरा ठसक्यात, कामाच्या नादात म्हणतात तशी. शब्द? "ते आईला येत असत," त्या म्हणाल्या. "आम्हाला आता पियानोच आठवतो."

पूल ओलांडून बेटावर आलो तेव्हा पलीकडच्या काठावर येसुंडाचा डोंगर दिसला. चित्रकार आंदर्श सोर्न मूराचाच. गावोगावचे फिडलवादक विरळ होत चाललेत हे बघून त्याने 1906 साली त्याच येसुंडाला त्यांची स्पर्धा भरवली. पुढे 'स्वेन्स्का लोतार' नावाचे लोकसंगीताचे जाडजूड खंड निघू लागले, 1922पासून. योहान्सनने आपल्या चाली त्यातूनच उचलल्या. म्हणजे म्हाताऱ्यांच्या गळ्यातून कागदावर, कागदावरून पियानोवर, आणि तिथून या बाईंच्या गाडीत परत. फक्त वाटेत शब्द गळून पडले.

त्यांनी मला चर्चपाशी सोडलं. तिथून मी पायी. तांबड्या रंगाची लाकडी घरं, कापलेल्या गवताचा वास, मैदानात उभा मिडसमरचा, म्हणजे जूनमधल्या सणाचा खांब. त्यावरची बर्चची पानं महिन्याभरात वाळून चहापत्तीच्या रंगाची झालेली. दलदलीची आठवण म्हणून असेल, डास भरपूर. मुंगी एकही दिसली नाही.

एका कुंपणाला टेकून कानात इअरफोन घातले. खरं सांगायचं तर काही झालं नाही. अंगावर काटा वगैरे अजिबात नाही. दूर कुठे ट्रॅक्टर चालू होता, आणि तो साडेचार मिनिटांच्या वादनावर सहज मात करत होता. पण एक गोष्ट तिथे उभी राहून कळली, बाईंचं गुणगुणणं कानात ताजं असल्यामुळे. मी लहानपणी पेटी शिकले. पेटीवर दोन सुरांमधली जागा दिसली की आमची बोटं ती भरायला धावतात. योहान्सन धावत नाही. उजव्या हाताने एकेक सूर स्वच्छ, जुन्या अभिजात शिस्तीत ठेवतो, आणि सूर विरेपर्यंत थांबतो. खाली बास दोन पावलं टाकतो. मग चाल मोडून बढत सुरू होते, मध्येच ब्लूजची एखादी वाकडी लकेर डोकावते, पण आवाज कुठेही चढत नाही. बाईंची चाल आणि याची चाल यांतला फरक सगळा त्या थांबण्यात आहे.

हा माणूस 1968च्या नोव्हेंबरात मोटार अपघातात गेला. वय 37. एका चर्चमध्ये कार्यक्रमाला निघाला होता. पिप्पी या लहान मुलांच्या गोष्टींतल्या मुलीच्या टीव्ही मालिकेचं शीर्षकगीत, जे स्वीडनमधलं प्रत्येक पोर म्हणतं, त्याची चालही याचीच. मालिका सुरू झाली 1969ला, त्याच्या माघारी.

परतीची बस मात्र वेळेवर आली. ड्रायव्हरने तिकीट तपासलं, विचारलं, "पोहायला आली होतीस?" मी हो म्हटलं. मूरापर्यंत इअरफोन पिशवीतच होते, आणि डोक्यात चाल चालू होती ती बाईंचीच, भरभर.