तुम्ही विचारलंत म्हणून: प्लग घरी बदलता येतात का?

बडोद्यात घरी मोठी गाडी आली, की वॉरंटी संपता संपता हा प्रश्न ठरलेला: “स्पार्क प्लग आपले आपण बदलता येतात का हो? गॅरेजवाला म्हणतो किचकट काम आहे.” तुम्हीही तेच विचारलंत. उत्तर हो असं आहे, पण आधी गाडी पेट्रोलची किंवा सीएनजीची असल्याची खात्री करा. ठिणगी टाकून इंधन पेटवणारे स्पार्क प्लग डिझेलला नसतातच. तिथे असतात ते ग्लो प्लग, आणि त्यांच्या वाटेला घरी जाऊ नये.

बॉनेट उघडून इंजिनावरचं प्लॅस्टिकचं झाकण काढा. ब्रेझा किंवा क्रेटाच्या दीड लिटरच्या पेट्रोल इंजिनावर चार कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या) दिसतील, नेक्सॉनच्या १.२ वर तीन. प्रत्येक कॉइलखाली एक प्लग. कॉइल मोकळ्या दिसत असतील तर काम तासाभराचं. मात्र एखाद्या इंजिनात हवा आत नेणारा इनटेक मॅनिफोल्ड त्यांच्यावरून गेलेला असतो, तो उतरवल्याशिवाय हात पोचत नाही. तिथे गॅरेजवाल्याचं म्हणणं खरं आहे, त्याला पैसे द्या.

कधी बदलायचे, हे गाडीच्या पुस्तकात असतं आणि तेच धरायचं. ढोबळ मानाने साधे निकेलचे प्लग तीस-चाळीस हजार किलोमीटर जातात, इरिडियमचे लाखापर्यंत. आपल्याकडे सीएनजीच्या गाड्या भरपूर, म्हणून एक खूण लक्षात ठेवा. सीएनजीचं मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. प्लग झिजला की टोकांमधली फट वाढते, आणि त्याचा त्रास आधी सीएनजीवर जाणवतो. गेंडा सर्कलकडून अटल पूल चढताना गाडी गॅसवर झटके देते आणि पेट्रोलवर टाकली की गुमान चालते, असं असेल तर संशय आधी प्लगवर घ्यावा. तसंच चालवत राहिलात तर वाढलेली फट ओलांडायला कॉइलला जास्त जोर लावावा लागतो आणि शेवटी तीही जाते. एक कॉइल सगळ्या प्लगांपेक्षा महाग पडू शकते.

प्लग घेताना पार्ट नंबर तंतोतंत जुळवा. दुकानदार “आ पण चालशे” म्हणेल, चालवू नका. आट्यांचा व्यास सारखा असूनही लांबी वेगळी असू शकते, आणि लांब प्लग पिस्टनला धडकू शकतो. उष्णतेची श्रेणीही नंबरातच असते. एनजीके कंपनीच्या नंबरात आकडा मोठा तर प्लग थंड (उष्णता लवकर बाहेर सोडणारा), बॉशच्या नेमकं उलट. म्हणून कंपनी बदलताना आकडा बघून अंदाज बांधू नये. फट बहुतेक गाड्यांना ०.८ ते १.१ मिमी, टर्बोला सहसा त्याहून कमी. इरिडियमची फट डब्यातून बरोबर येते. तारेच्या गेजने तपासा, पण मधल्या बारीक टोकावर जोर देऊन वाकवायला जाऊ नका, ते तुटतं. हातातून फरशीवर पडलेला प्लगही बसवू नका. चिनी मातीला गेलेला तडा दिसत नाही.

हत्यारं थोडीच: कॉइलच्या बोल्टला १० मिमीचा सॉकेट, प्लगला बहुधा १६ चा (काही गाड्यांना पातळ भिंतीचा १४ चा), आतून रबर असलेला, लांब एक्स्टेन्शन आणि टॉर्क पाना (ठरवलेल्या जोराने आवळता येतो तो). टॉर्क पाना नसेल तर उसना आणा.

इंजिन पूर्ण थंड हवं. प्लग ज्यात बसतात ते इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं, प्लग पोलादी. गरम असताना प्लग ओढून काढला तर आटे त्याच्याबरोबर बाहेर येतात. उन्हाळ्यात हे काम सकाळी, रात्रभर उभ्या गाडीवर करायचं. इग्निशन बंद करा, कॉइलला लावलेल्या वायरच्या कनेक्टरचं कुलूप दाबून मगच ओढा, जुनं प्लॅस्टिक पटकन तुटतं. बोल्ट सोडवून कॉइल किंचित फिरवून सरळ वर काढा. आता प्लग सोडवण्याआधी त्या खोल भोकात हवा मारा, सायकलचा पंपही चालेल. हे टाळलं तर तिथली माती थेट सिलिंडरमध्ये पडते. भोकात तेल दिसलं तर व्हॉल्व्ह कव्हरचं सील गळतंय; ते दुरुस्त न करता नवे प्लग घालून उपयोग नाही.

एका वेळी एकच सिलिंडर उघडा. निघालेला प्लग क्रमाने ठेवा आणि नीट बघा. टोक बिस्किटाच्या रंगाचं असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, ओलं तेलकट म्हणजे इंजिन तेल खातंय, पांढरंफटक फोडाळलेलं म्हणजे अति तापतंय. चिनी मातीवर, धातूच्या कडेला लागून तपकिरी कडं दिसलं की लोक “गॅस लीक आहे” म्हणून घाबरतात. तो उच्च व्होल्टेजमुळे चिकटलेला तेलाचा अंश, त्याला काही करायचं नाही.

नवा प्लग बसवणं हीच खरी परीक्षा. रॅचेट लावायची नाही. प्लगच्या वरच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा घाला आणि बोटांनी फिरवा. आटे वाकडे लागले तर नळी घसरते, हेड वाचतं. वाकड्या आट्यांवर पान्याने जोर लावलात तर खर्च प्लगांवर थांबत नाही. बोटांनी पूर्ण बसल्यावर टॉर्क: १२ मिमीच्या आट्यांना १५ ते २० न्यूटन-मीटर, १४ मिमीला २५ ते ३०, पुस्तकात वेगळा दिला असेल तर तो. आट्यांना ग्रीस लावू नका. घर्षण कमी होऊन त्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो. डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारं) ग्रीस हवं तर कॉइलच्या रबरी टोपीत, तेही बोटाच्या टोकाएवढं.

कनेक्टर ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबा. गाडी सुरू केल्यावर थरथरली तर बहुधा एखादा कनेक्टर अर्धवट बसलेला असतो. चेक इंजिनचा लाइट लुकलुकत असेल तर गाडी चालवू नका, न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं. बिघाडाचा कोड दाखवणाऱ्या स्कॅनरवर पी ०३०२ म्हणजे दुसरा सिलिंडर नीट पेटत नाही. त्याची कॉइल तिसऱ्यावर लावा. कोड पी ०३०३ झाला तर कॉइल गेली, तोच राहिला तर तो प्लग पुन्हा काढून बघा.