मासा दगडाला अंग घासतो, औषध कोणतं घालू?

हा प्रश्न जवळजवळ रोज येतो. मासा पोहता पोहता मध्येच तिरका होतो, खडीला नाहीतर हीटरला अंग घासून झपकन निघून जातो, आणि पाहणाऱ्याचा हात औषधाच्या बाटलीकडे जातो. तुम्ही विचारलंत म्हणून स्पष्टच सांगते: आज औषध घालू नका. आधी पाणी तपासा.

अंग घासणं म्हणजे खाज. माशाच्या खवल्यांवर बुळबुळीत पदार्थाचा पातळ थर असतो. त्याला किंवा कल्ल्यांना काहीही झोंबलं, की मासा असाच वागतो. दिवसातून एखाद्या वेळी घासलं तर सोडून द्या. तासाभरात चारपाच वेळा होत असेल, पर अंगाशी मिटलेले असतील, कल्ले भराभर हलत असतील, तर कारण शोधायलाच हवं.

किती मासे घासताहेत आणि कधीपासून, हे आधी पाहा. सगळेच एकदम घासू लागले तर पाण्यावर संशय घ्या. पाणी बदलल्यावर काही तासांतच सुरू झालं असेल, तर नळाच्या पाण्यातलं क्लोरीन किंवा तापमानातला फरक हे कारण असू शकतं. पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन बरंचसं उडून जातं, क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग, काही ठिकाणी नळाच्या पाण्यात घालतात) मात्र जात नाही. त्यासाठी डीक्लोरिनेटर, म्हणजे क्लोरीन निकामी करणारं द्रावण, लागतोच. एकदोन माशांपासून सुरू होऊन काही दिवसांत बाकीच्यांना लागलं, आणि त्याआधी टाकीत नवा मासा आला असेल, तर परजीवी असण्याची शक्यता जास्त.

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया होतो, त्याचंच पुढे नायट्राइट होतं. टेस्ट किटमध्ये दोन्ही शून्यच यायला हवेत. ‘थोडंसंच आहे’ असं म्हणून चालत नाही, कारण पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्याचं माप) ७ वरून ८ वर गेला की तेवढ्याच अमोनियाचा विषारी भाग जवळपास दहापट होतो. शून्य नसेल तर ३० ते ५० टक्के पाणी बदला. नवं पाणी डीक्लोरिनेटर घातलेलं आणि टाकीइतक्याच तापमानाचं असू द्या. दोन दिवस खाणं बंद ठेवा आणि रोज मोजत राहा. अशा वेळी घाबरून फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ धुतला जातो, आणि अमोनिया संपवणारे जिवाणूच त्याबरोबर वाहून जातात. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा. नायट्राइट निघालं तर लिटरला १ ग्रॅम साधं मीठ घातल्याने आराम पडतो. मिठातल्या क्लोराइडमुळे नायट्राइट कल्ल्यांतून आत शिरायला अडथळा होतो.

पाणी चांगलं निघालं, तरच परजीवींकडे वळा. अंगावर मिठाच्या कणाएवढे सुटे पांढरे ठिपके दिसले तर तो इक, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग करणारा सूक्ष्म परजीवी. कित्येकदा तो आधी कल्ल्यांत बसतो, म्हणून ठिपके दिसण्याआधीच घासणं सुरू होतं. खोलीत अंधार करून टॉर्च बाजूने तिरका धरला आणि अंगावर सोनेरी धूळ चमकली, तर तो व्हेल्वेट नावाचा परजीवी. ठिपका नाही, धूळ नाही, तरी आठवडेच्या आठवडे घासणं चालू, तर बहुधा फ्लूक, म्हणजे कातडीला आणि कल्ल्यांना चिकटणारे बारीक चपटे कृमी. त्यावर प्राझिक्वांटेल हे कृमींवरचं औषध चालतं. काही फ्लूक अंडी घालतात आणि अंड्यांवर ते लागू पडत नाही, म्हणून डोस पुन्हा द्यावा लागतो.

इकवरचे उपचार बहुतेकदा एकाच ठिकाणी फसतात. औषध सुरू केल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठिपके जातात, मासा बरा झाला असं वाटतं आणि औषध थांबतं. खरं तर पिकलेला परजीवी फक्त अंगावरून सुटून खाली खडीत पडलेला असतो. तिथे तो कवचात विभागतो आणि एकाची शेकडो पिल्लं होऊन नव्या माशाच्या शोधात पाण्यात निघतात. औषध मारतं ते या पोहणाऱ्या पिल्लांनाच. अंगावरच्या ठिपक्याला नाही, कवचातल्यालाही नाही. म्हणून शेवटचा ठिपका गेल्यावरही उपचार निदान आठवडाभर चालू ठेवा. उष्णकटिबंधातले मासे असतील तर तापमान दिवसाला एकदोन अंशांनी वाढवत २८ ते ३० अंश सेल्सियसपर्यंत न्या, म्हणजे हे चक्र लवकर फिरतं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, तेव्हा एअर पंप जोरात हवा.

डोस टाकीच्या मापावरून नाही, पाण्यावरून काढा. ६० × ३० × ३६ सेंटीमीटरची टाकी हिशोबाने ६५ लिटरची. खडी आणि वरची रिकामी जागा वजा केली तर पाणी ५५ लिटरच्या आसपास भरतं. फिल्टरमधला कार्बन आधी काढा, नाहीतर औषध तोच शोषून घेईल. तांबं असलेलं औषध कोळंबी आणि गोगलगायींना मारतं. लोच (तळाशी राहणारे लांबट मासे) यांचे खवले अगदी बारीक असतात आणि कॅटफिशना ते नसतातच, म्हणून त्यांना बहुतेकदा नेहमीचा डोस झेपत नाही. बाटलीवर त्यांच्यासाठी बऱ्याचदा वेगळं प्रमाण दिलेलं असतं, ते वाचा.

आणि तुमचा मासा गोल्डफिश असेल, पांढरे ठिपके फक्त कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या कडेला ओळीने असतील, तर तो बहुधा विणीच्या दिवसांतला नर आहे. ते पुटकुळ्यांसारखे ठिपके आपोआप जातात. त्याला काहीच घालू नका.