आमची वाटचाल : आधी सीट उचला, मग रंग बघा

जुन्या इलेक्ट्रिक गोल्फ कार्ट घ्यायच्या, नीट करायच्या आणि विकायच्या, हे आमचं काम. सुरुवातीला आमची तपासणी बॉडी, सीट, टायर, दिवे अशी चालायची आणि बॅटरीची पाळी शेवटी यायची. आता क्रम उलटा आहे. गाडी समोर आली की पहिल्यांदा सीट उचलायची, बॅटऱ्या तिच्याखालीच असतात, आणि जुन्या कार्टमध्ये खर्चात पाडणारी वस्तू बॅटरीचा संचच असतो.

36 व्होल्टच्या गाडीत 6 व्होल्टच्या 6 लेड-ॲसिड (शिसं-आम्ल) बॅटऱ्या असतात. 48 व्होल्टच्या गाडीत बहुधा 8 च्या 6, नाहीतर 12 च्या 4. बऱ्याच बॅटऱ्यांवर महिन्यासाठी ए ते एल यांपैकी एक अक्षर आणि वर्षाचा अंक ठोकलेला असतो. सगळ्यांचा कोड जुळायला हवा. एकच बॅटरी नवी दिसली तर संच थकलेला आहे असं धरा. जुन्यांच्या संगतीत नवीही लवकर बसते.

पूर्वी आम्ही मल्टिमीटर लावून आकडा बरा दिसला की पुढे जायचो. ते अर्धवट होतं. चार्जरवरून नुकत्याच काढलेल्या बॅटरीवर वरवरचा चार्ज असतो आणि मीटर फसतो. काही तास विश्रांतीनंतर पूर्ण भरलेला 48 चा संच साधारण 50.9 व्होल्ट दाखवतो, 36 चा 38.2. पण खरं कळतं ते लोडवर. माणसं भरून गाडी 20-25 मिनिटं चालवा, जमल्यास चढावर, आणि थांबल्याबरोबर प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. सगळ्या सारख्याच उतरल्या तर वयाचा परिणाम. एकच बाकीच्यांपेक्षा अर्धा व्होल्ट किंवा जास्त खाली असेल तर दोष तिच्यात. संच खोलवर उतरला की अशा बॅटरीची ध्रुवता (धन-ऋण टोकं) उलटूही शकते, मग ती गेलीच.

झाकणं उघडता येत असतील तर हायड्रोमीटर (आम्लाची घनता मोजणारी नळी) घाला. भरलेल्या सेलची घनता 1.265 ते 1.280 च्या आसपास असते. एखादा सेल इतरांपेक्षा 0.050 ने मागे असेल तर तो सेल संपत आलाय. प्लेटा पाण्याबाहेर उघड्या पडलेल्या दिसल्या तर देखभाल झालेली नाही. (हातात अंगठी, कडं असेल तर आधी काढा. पाना दोन टर्मिनलांवर आडवा पडला की काय होतं ते एकदा पाहिलं तरी पुरतं.)

मग टॉर्च घेऊन खाली वाका. बॅटरीचं आम्ल ट्रेवरून चासीवर झिरपतं. क्लब कार कंपनीच्या गाड्यांची चासी ॲल्युमिनियमची आहे, पण ई-झेड-गो आणि यामाहाची पोलादी. तिथे स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. पापुद्रे सुटले तर सौदा सोडा. रंगाच्या ताज्या थराखालीही हेच निघतं.

केबलींचे लग (टोकाचे धातूचे जोड) हिरवे पडलेत का, इन्सुलेशन वितळलंय का, ते पाहा. ढिलं टर्मिनल तापतं, शिसं वितळतं. पॅडल दाबल्यावर सोलेनॉइडचा (मोटरकडे वीज सोडणाऱ्या स्विचचा) 'टक्' आवाज येऊनही गाडी हलली नाही तर त्याचे कॉन्टॅक्ट जळलेले असू शकतात, पण दोष केबल, कंट्रोलर किंवा मोटरच्या ब्रशांतही असतो. सोलेनॉइड कंट्रोलरपेक्षा बराच स्वस्त भाग, म्हणून त्यावर शंका घेऊन विक्रेता भाव उतरवत असेल तर घाई करू नका.

स्टिअरिंग आणि पुढची चाकं हाताने हलवून ढिलाई बघा. मागचे ड्रम ब्रेक दोन्हीकडे सारखे लागायला हवेत. एवढं पुरे, हे भाग सहज मिळतात.

चार्जर मात्र स्वतःच लावून बघा, विक्रेत्याच्या 'चालतो' वर सोडू नका. संच फारच उतरलेला असेल तर बरेचसे चार्जर सुरूच होत नाहीत आणि दोष चार्जरचा वाटतो. गाडीत लिथियम बसवलं असेल तर चार्जर त्याच रसायनाचा आहे ना, ते लेबलवर वाचा. आणि तिथे व्होल्टेजवरून उरलेला चार्ज ठरवू नका. लिथियम आयर्न फॉस्फेटचा आकडा बराच वेळ जवळजवळ तसाच राहतो आणि शेवटी एकदम कोसळतो.