सॅम सेल्वनला मानाच्या पंगतीत का बसवायचं

स्थलांतरितांचा प्रतिनिधी म्हणून इंग्रजीत लिहिणाऱ्या सॅम सेल्वनचा एखादा उतारा अभ्यासक्रमात लावला की काम झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. जन्म १९२३, कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद बेटावरचं सॅन फर्नांडो. वडील मद्रासकडचे, आईचे वडील स्कॉटिश. १९५० मध्ये लंडन. एवढ्यावर कुणी मोठा कादंबरीकार ठरत नाही. तो मोठा आहे निवेदनामुळं, आणि खान्देशातली अहिराणी बोलणाऱ्या वाचकाला ते लगेच उमजेल.

१९५६ ची ‘द लोन्ली लंडनर्स’ घ्या. हिवाळ्यातली धुकट संध्याकाळ. मोझेस ४६ नंबरच्या बसनं वॉटर्लू स्टेशनला निघालाय, त्रिनिदादहून येणाऱ्या, कधी न पाहिलेल्या माणसाला घ्यायला. सुरतेजवळच्या उधना स्टेशनात गावाकडच्या पोराची वाट बघणारा खान्देशी माणूस आपल्याला नवा नाही.

ही कादंबरी सेल्वननं आधी प्रमाण इंग्रजीत लिहायला घेतली. पुढे सरकेना. मग निवेदनच त्रिनिदादी बोलीत घेतलं आणि ती धावायला लागली. संवाद बोलीत, निवेदक प्रमाण भाषेत ही रीत आपल्याकडंही रुळलेली आहे. त्यात पात्रं खाली बसतात आणि लेखक खुर्चीवर. सेल्वननं निवेदकालाही खाली सतरंजीवर आणलं.

त्याची हातोटी बारकाईनं बघण्यासारखी आहे. शब्दांचं स्पेलिंग त्यानं बहुतेक प्रमाणच ठेवलं. बदललं ते व्याकरण: सहायक क्रियापद गाळायचं, होऊन गेलेली गोष्ट वर्तमानाच्या रूपात सांगायची, वाक्य बोलण्याच्या लयीत सोडायचं. त्रिनिदाद न पाहिलेलाही वाचू शकतो, आणि कानात मात्र बोलीच वाजते. अहिराणीत गद्य लिहिताना नेमकं इथंच बिघडतं. प्रत्येक उच्चार कागदावर उतरवायचा हट्ट, एकच शब्द दर पानावर वेगळ्या तऱ्हेनं, वर शेवटी शब्दार्थांची यादी. वाचक दहाव्या पानाला दमतो. ‘मोझेस वॉटर्लूले जाई राहिना’ (वॉटर्लूला जातोय) यात ‘ले’ आणि ‘जाई राहिना’ एवढ्यानंच सगळं काम केलंय. लेखनाचा एक नियम ठरवावा आणि शेवटपर्यंत पाळावा.

कादंबरीतलं लंडनच्या उन्हाळ्याचं वर्णन कित्येक पानं विरामचिन्हांशिवाय चालतं. डोळ्यांनी वाचलं तर गुदमरायला होतं. मोठ्यानं वाचा, पुन्हा पुन्हा येणारे शब्दच श्वासाची जागा दाखवतात.

उणीव आहे, ती झाकू नये. कादंबरीतल्या बायका बहुतेक वेळा पुरुषांच्या नजरेतूनच दिसतात. लुईस बायकोला मारतो, ते प्रकरण वर्गात वगळून पुढं जाणं बरोबर नाही.

पण टँटीही त्याच पुस्तकात आहे. ही म्हातारी हॅरो रोडवरच्या किराणा दुकानदाराला उधारी द्यायला लावते. गिऱ्हाइकांनी माल न्यायचा आणि पगार झाला की पैसे चुकवायचे. उधारीला तिचा शब्द ‘ट्रस्ट’. मराठीत त्याचा ‘विश्वास’ केला तर दुकान गेलं, टँटीही गेली. शिरपूर-शहाद्याच्या बाजारात वहीवर नाव लिहून माल नेणाऱ्या बाईच्या तोंडी जो शब्द असतो, तोच तिथं हवा. हे भाषांतर अहिराणीत व्हायला हवं, निवेदनासकट.