तुम्ही विचारलंत म्हणून: अंतर तेच, मग वेळ वेगळा का?

लंडनहून न्यूयॉर्कला जायला आठ तास लागतात, मग परत यायला सातच कसे, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा एक शंकाही असते: पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणजे पश्चिमेला निघालेल्या विमानाकडे न्यूयॉर्क आपणहून सरकत यायला हवे. तसे होत नाही, कारण पृथ्वीबरोबर तिच्यावरची हवाही फिरत असते आणि विमान त्या हवेतच उडत असते.

दोन्ही विमानतळांमधले सर्वांत जवळचे अंतर सुमारे ५,५४० किलोमीटर आहे. पृथ्वीच्या गोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, की तो नकाशावरच्या सरळ रेषेपेक्षा बराच उत्तरेकडून, न्यूफाउंडलंडच्या बाजूने जातो. ते हे अंतर. ताशी ९०० किलोमीटर वेगाने ते सहा तासांच्या थोडे पुढे कापले जाईल. परंतु हा वेग हवेच्या सापेक्ष आहे, जमिनीच्या नव्हे, आणि खरी मेख इथेच आहे. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, जिथे प्रवासी विमाने उडतात, तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचा पट्टा वाहतो. त्याला जेट प्रवाह म्हणतात. हा वारा ताशी १०० किलोमीटरचा धरला, तरी जाताना जमिनीवरचा वेग ८०० होतो, येताना १,०००, आणि तेवढ्यानेच सुमारे एक तास वीस मिनिटांचा फरक पडतो. पृथ्वीच्या फिरण्याचा यात वाटा आहे, पण तो आडवाटेने: विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे निघालेली हवा त्या फिरण्यामुळेच पूर्वेकडे वळते.

फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर वादळ असताना एक बोईंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. जमिनीवरचा त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता, तरी त्याने ध्वनीची मर्यादा ओलांडली नव्हती, कारण भोवतालची हवाच त्याला घेऊन धावत होती. मला हे उदाहरण फार आवडते. आसनासमोरच्या पडद्यावर वेगाचा आकडा हजारापुढे गेलेला दिसतो, तेव्हाही खिडकीशी काहीच बदललेले जाणवत नाही.

वाऱ्याचा हा पट्टा रोज जागा बदलतो आणि हिवाळ्यात अधिक जोर धरतो. म्हणून अटलांटिकवरचे मार्ग कायमचे ठरलेले नसतात. गॅन्डर आणि शॅनविक ही हवाई नियंत्रण केंद्रे अंदाज पाहून ते दिवसातून दोनदा नव्याने आखतात. जाणाऱ्यांनी वारा टाळायचा, येणाऱ्यांनी तो पकडायचा, आणि त्यासाठी थोडे लांबून जावे लागले तरी वेळ व इंधन वाचते.

राहिला तिकिटाचा प्रश्न. न्यूयॉर्कहून संध्याकाळी सातला निघून लंडनला सकाळी सातला पोहोचणे म्हणजे बारा तासांचा प्रवास नव्हे. दोन्ही वेळा स्थानिक असतात आणि त्यांच्यातला पाच तासांचा फरक वजा करावा लागतो. उरलेल्या सात तासांतही धावपट्टीपर्यंत सरकणे, उड्डाणाची पाळी येईपर्यंत थांबणे आणि उतरल्यावर विमान जागेवर लावणे हे सगळे धरलेले असते.